वॉर्डातील गतिसंवेदक: निवड, वापर आणि मर्यादा

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाचे तापमान, नाडी, रक्तदाब आणि श्वसनाचा वेग ठरावीक अंतराने मोजून केसपेपरला लावलेल्या तक्त्यावर उतरवला जातो. परंतु तोच रुग्ण दिवसातला किती वेळ खाटेवर आडवा होता, त्याने कितीदा कूस बदलली, रात्री तो कितीदा उठून बसला आणि शौचालयापर्यंत स्वतःच्या पायांनी गेला की नाही, याची माहिती बहुतेक वॉर्डांत परिचारिकांच्या लक्षात राहील तेवढी आणि नातेवाईक सांगतील तेवढीच असते. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये तयार केलेल्या आणि २०१७ मध्ये सुधारलेल्या पूर्वसूचना गुणांकात, म्हणजे प्रकृती ढासळू लागल्याचे वेळीच ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मोजपट्टीत, श्वसन, प्राणवायूचे प्रमाण, रक्तदाब, नाडी, शुद्धी आणि तापमान यांना गुण दिले जातात. हालचालीला त्यात स्थान नाही. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणून गतिसंवेदकांकडे, म्हणजेच मोशन सेन्सरकडे, रुग्णालयांचे लक्ष वळले आहे.

या संवेदकांची विक्री प्रामुख्याने धोक्याची घंटा म्हणून होते: रुग्ण खाटेवरून उतरू लागला की ती वाजेल, परिचारिका धावत येईल आणि पडण्याचा प्रसंग टळेल. आजवरच्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र वेगळे आहेत. घंटा म्हणून गतिसंवेदकांची कामगिरी सुमार ठरली आहे आणि नोंदवही म्हणून ती बरीच उजवी आहे. रुग्णालयाचे व्यवस्थापक, अधिसेविका, जैववैद्यकीय अभियंते आणि रुग्णाचे जबाबदार नातेवाईक यांनी खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर कोणत्या गोष्टी तपासाव्यात, याचा विचार पुढे याच निष्कर्षाच्या आधारे केला आहे.

संवेदक नेमके काय मोजतो

सर्वाधिक वापरला जाणारा गतिसंवेदक म्हणजे त्वरणमापक. सिलिकॉनच्या चिपमध्ये कोरलेले एक अतिसूक्ष्म वस्तुमान लवचिक पट्ट्यांवर टांगलेले असते. चिप हलली की हे वस्तुमान मागे-पुढे सरकते आणि त्यामुळे बदलणारी विद्युतधारिता मोजून त्वरण काढले जाते. १९९० च्या दशकात मोटारींतील एअरबॅगसाठी अशा चिपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले, त्यानंतर किंमत उतरत गेली आणि आज जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये ती असते. रुग्णाच्या दृष्टीने तिचा एक गुण विशेष मोलाचा आहे. रुग्ण पूर्णपणे स्थिर असतानाही त्वरणमापक पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण मोजत राहतो, त्यामुळे खालची दिशा कोणती हे त्याला सतत ठाऊक असते आणि त्यावरून शरीराचा तो भाग उभा आहे, आडवा आहे की कलता आहे, याचे अनुमान करता येते.

येथेच संवेदक शरीरावर कोठे लावायचा हा प्रश्न निर्णायक ठरतो. छातीवर चिकटवलेला संवेदक रुग्ण उताणा, डाव्या कुशीवर की उजव्या कुशीवर आहे हे अचूक सांगतो. परंतु बसलेल्या आणि उभ्या माणसाची छाती सारखीच ताठ असल्यामुळे या दोन अवस्थांत त्याला फारसा फरक करता येत नाही. मांडीवर लावलेल्या संवेदकाचे नेमके उलटे असते. झोपलेल्या आणि बसलेल्या माणसाची मांडी आडवी असते आणि उभे राहताच ती सरळ होते, त्यामुळे उभे राहण्याचा क्षण मांडीवरचा संवेदक चुकवत नाही, मात्र रुग्ण खुर्चीत आहे की खाटेवर आडवा, याबाबत तो संभ्रमात राहतो. मनगटावरचा पट्टा रुग्णाला सर्वांत सोयीचा वाटतो, पण जेवताना, जपमाळ ओढताना किंवा मोबाइल हाताळताना होणारी हाताची हालचाल तो शरीराची हालचाल म्हणून मोजतो. शिवाय त्याच हाताला सलाइन लावलेले असेल तर पट्ट्याची अडचणच होते. म्हणून शय्याव्रण, म्हणजेच बेडसोअर, टाळणे हा हेतू असेल तर संवेदक छातीवर लावावा. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला चालते करणे हा हेतू असेल तर मांडी किंवा घोटा निवडावा. आणि हेतू ठरलेला नसेल तर खरेदी पुढे ढकलावी.

पावले मोजण्याबाबत आणखी एक सावधगिरी हवी. बाजारातील बहुतेक पट्ट्यांचे गणित निरोगी माणसाच्या चालण्यावर बेतलेले असते. वॉकर धरून, पाय घासत, अत्यंत मंद गतीने चालणाऱ्या वृद्ध रुग्णाच्या कित्येक पावलांची त्यांत नोंदच होत नाही, आणि वॉर्डात चालणारे बहुतेक रुग्ण याच प्रकारचे असतात. घोट्यावर लावलेला संवेदक मंद चाल तुलनेने बरी ओळखतो. खरेदीपूर्वी अशा चार-पाच रुग्णांना कॉरिडॉरमध्ये चालवून, कोणीतरी पावले प्रत्यक्ष मोजून, ती यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहण्याला पर्याय नाही.

दुसरा वर्ग शरीराला न चिकटणाऱ्या संवेदकांचा आहे. गादीखाली ठेवलेली पातळ पट्टी दाबातील सूक्ष्म बदल टिपते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्त महाधमनीत फेकले जाते तेव्हा शरीराला बसणारा हलका प्रतिधक्का आणि श्वासागणिक होणारी छातीची हालचाल या दोन्ही गोष्टी तिच्यात उमटतात. या तत्त्वावर आधारित मापनाचा पाया अमेरिकेतील वैद्य आयझॅक स्टार यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस घातला. इलेक्ट्रोकार्डिओग्राम आणि पुढे इकोकार्डिओग्राफी यांच्यासमोर ते मागे पडले, आणि स्वस्त संवेदक व संगणकीय विश्लेषण उपलब्ध झाल्यावर पुन्हा पुढे आले. भारतात बंगळुरूच्या डोझी या कंपनीची गादीखालची यंत्रणा याच तत्त्वावर चालते. या पद्धतीत रुग्णाच्या अंगाला काहीच लागत नाही, ही तिची मोठी सोय आहे. मात्र रुग्ण खाटेवर असेपर्यंतच ती काम करते आणि तो हलत असताना हृदयाचे सूक्ष्म धक्के मोठ्या हालचालीखाली दबून जातात.

छतावर किंवा भिंतीवर बसवलेला अवरक्त संवेदक, म्हणजे कार्यालयांच्या जिन्यात दिवा आपोआप लावणारा तोच प्रकार, उष्णतेचा स्रोत एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकला की सूचना देतो. निश्चल पडलेला माणूस त्याला दिसत नाही. त्याचे काम शरीर आणि परिसर यांच्या तापमानातील फरकावर चालते, ही बाब महाराष्ट्रात विसरून चालणार नाही. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूर येथील वातानुकूलन नसलेल्या वॉर्डात भिंतींचे आणि हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाइतके, म्हणजे सुमारे ३३ ते ३५ अंश सेल्सिअस, किंवा त्याहूनही अधिक होते आणि हा संवेदक अर्धवट आंधळा होतो. डिसेंबरात घेतलेल्या चाचणीवर विसंबून त्याची खरेदी करणे म्हणूनच धोक्याचे आहे.

रडारवर आधारित संवेदक २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतो आणि छातीवरून परतणाऱ्या लहरींतील बदलावरून काही मिलिमीटरची हालचालही ओळखतो. चादर, पांघरूण किंवा अंधार यांची त्याला अडचण नसते आणि तो चित्र काढत नाही, त्यामुळे रुग्णाची लाज राखली जाते. त्याची अडचण वेगळी आहे. फिरता पंखा, वाऱ्याने हलणारा पडदा आणि खाटेशेजारी बसलेला नातेवाईक हे सर्व त्याच्या दृष्टीने हालचालीच आहेत. खोलीत एकच रुग्ण असेल तर रडार चांगला चालतो. दोन खाटांमध्ये हातभर अंतर असलेल्या सर्वसाधारण वॉर्डात कोणाचा श्वास कोणाचा, हे त्याला सांगणे कठीण जाते. विक्रेत्याचे प्रात्यक्षिक बहुधा स्वतंत्र खोलीत होते, हे येथे लक्षात ठेवलेले बरे.

पडणे टाळण्याची घंटा आणि तिचा पुरावा

अमेरिकेतील शासकीय आरोग्यविमा योजनेने ऑक्टोबर २००८ पासून रुग्णालयात दाखल असताना पडून झालेल्या दुखापतीच्या उपचारांचा वाढीव खर्च रुग्णालयाला देणे बंद केले, आणि त्यानंतर खाट सोडताच वाजणाऱ्या घंटांचा वापर तेथे झपाट्याने वाढला. त्यांचा उपयोग किती, याची कसोशीने घेतलेली एक चाचणी २०१२ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रोनाल्ड शोर आणि सहकाऱ्यांनी एका शहरी रुग्णालयातील १६ विभागांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली. एका गटातील परिचारिकांना घंटांचे प्रशिक्षण आणि सततचे साहाय्य दिले, दुसऱ्या गटात नेहमीची पद्धत चालू ठेवली. २७ हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश असलेल्या या अभ्यासात घंटांचा वापर अनेक पटींनी वाढला. पडण्याच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे खाटेवर आणि खुर्चीवर दाबसंवेदक बसवून ते परिचारिकांच्या पेजरला जोडण्यात आले होते; १,८३९ वृद्ध रुग्णांवरील त्या चाचणीचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्षही हाच होता.

असे का व्हावे, याचे उत्तर वॉर्डाच्या लांबी-रुंदीत आणि घड्याळात सापडते. नितंबाखालचा दाब नाहीसा झाला की वाजणारी घंटा रुग्णाचे पाय जमिनीला लागल्यानंतरच वाजते. तेथून तोल जाण्यास दोन-तीन सेकंद पुरतात, तर नर्सिंग स्टेशनपासून ३० मीटरवरच्या खाटेपर्यंत भरभर चालत यायला सुमारे २० सेकंद लागतात, आणि तेही परिचारिका हातातले इंजेक्शन अर्धवट टाकून त्याच क्षणी निघाली तर. त्यामुळे घंटा घ्यायचीच असेल, तर रुग्ण उठून बसला किंवा कडेला सरकू लागला या अवस्थेतच सूचना देणारी घ्यावी. अशी सूचना अर्धा-पाऊण मिनिट आधी मिळते, मात्र तिच्यासोबत खोट्या सूचनांची संख्याही वाढते.

या खोट्या सूचनांचा हिशेब प्रत्येक वॉर्डाने आपल्यापुरता आधीच मांडावा. समजा, ३० खाटांच्या वॉर्डात पडण्याची जोखीम असलेल्या १० रुग्णांना संवेदक लावले आणि १२ तासांच्या रात्रपाळीत प्रत्येकाकडून केवळ सहा निरर्थक सूचना आल्या, तर रात्रभरात ६० सूचना होतात, म्हणजे दर १२ मिनिटांनी एक. प्रत्येक सूचनेपाठी खाटेपर्यंत जाणे, पाहणे, घंटा बंद करणे आणि परत येणे यांत तीन मिनिटे गेली, तर तीन तास खर्ची पडतात, आणि पाळीवर दोनच सिस्टर असतील तर हे तीन तास औषधे देणे, सलाइन बदलणे आणि सीरियस रुग्णाकडे पाहणे यांतूनच वजा होतात. सूचनांचा असा भडिमार झाला की माणूस त्यांकडे काणाडोळा करू लागतो, कधी आवाज कमी करतो, कधी यंत्रच बंद ठेवतो. अमेरिकेतील रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ मध्ये याविषयी इशारा दिला तेव्हा जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात सूचनायंत्रांशी निगडित ९८ गंभीर घटनांची नोंद तिच्याकडे झालेली होती आणि त्यांपैकी ८० घटनांत रुग्ण दगावला होता. त्या घटना सर्व प्रकारच्या वैद्यकीय उपकरणांच्या होत्या, केवळ गतिसंवेदकांच्या नव्हेत. तरीही वॉर्डात आणखी एक वाजणारी वस्तू आणण्यापूर्वी हा इशारा विचारात घेतलाच पाहिजे.

घंटेच्या आणखी एका परिणामाबद्दल क्वचितच बोलले जाते. उठताच घंटा वाजते आणि कोणीतरी येऊन पुन्हा झोपायला सांगते, असा अनुभव दोन-तीनदा आला की रुग्ण उठणेच सोडून देतो. नातेवाईकही ‘बाबा, हलू नका, ते वाजतं’ असे बजावू लागतात. खाटेला बांधून ठेवल्यासारखीच ही स्थिती, फक्त दोरी दिसत नाही. पडणे टळले आणि पायांतले बळ गेले, हा व्यवहार वृद्ध रुग्णाच्या दृष्टीने तोट्याचा आहे.

नोंद म्हणून संवेदकाचे काम

खाटेवर पडून राहण्याचा हा तोटा किती मोठा असू शकतो हे संवेदकांनीच दाखवून दिले. अमेरिकेतील अलाबामा राज्यात माजी सैनिकांच्या रुग्णालयात दाखल झालेल्या ४५ वृद्ध रुग्णांच्या मांडीवर आणि घोट्यावर त्वरणमापक लावून सिंथिया ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मोजलेल्या काळापैकी सरासरी ८३ टक्के वेळ हे रुग्ण खाटेवर आडवे होते आणि उभे राहणे व चालणे मिळून त्यांचा मध्यक वेळ दिवसाला ४३ मिनिटे भरला. हे सारे रुग्ण दाखल होण्याच्या दोन आठवडे आधी चालते-फिरते होते. इस्रायलमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने रुग्णालयातील वृद्धांसाठी दिवसाला ९०० पावलांचा उंबरठा सुचवला. त्याहून कमी चालणाऱ्यांत घरी जाताना दैनंदिन कामे करण्याची क्षमता घटलेली आढळण्याचे प्रमाण अधिक होते. अर्थात जो अधिक आजारी असतो तो कमी चालतो, हेही खरे. त्यामुळे ९०० या आकड्याला औषधाच्या मात्रेसारखे मानू नये, परंतु राउंडच्या वेळी ‘काल किती चालले?’ या प्रश्नाला ‘चालले थोडे’ याऐवजी ठोस उत्तर मिळणे एवढा लाभही कमी नाही.

शय्याव्रणांच्या बाबतीत पुरावा याहून भक्कम आहे. एकाच जागी सतत दाब राहिल्याने त्वचेला आणि तिच्याखालच्या स्नायूंना रक्तपुरवठा होत नाही आणि तेथे जखम होते. म्हणून स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला साधारणपणे दर दोन तासांनी पोझिशन देण्याचा, म्हणजे कुशीवरून कुशीवर वळवण्याचा, प्रघात आहे. हा प्रघात कागदावर जेवढा पाळला जातो तेवढा प्रत्यक्षात पाळला जातोच असे नाही, आणि त्यात कोणाचा आळस असतो असेही नाही. एकाच वेळी दोन नवे रुग्ण दाखल झाले की वळवण्याची वेळ टळते. कॅलिफोर्नियातील एका शिक्षण-रुग्णालयाच्या दोन अतिदक्षता विभागांत १,३१२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत सर्वच रुग्णांच्या छातीवर संवेदक लावण्यात आले, मात्र निम्म्यांच्याच बाबतीत वळवण्याची वेळ झाल्याची माहिती परिचारिकांना पडद्यावर दिसत होती. ज्यांची माहिती दिसत होती त्या गटात वेळेवर वळवण्याचे प्रमाण ६७ टक्के, तर दुसऱ्या गटात ५४ टक्के होते. शय्याव्रण झालेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ०.७ आणि २.३ टक्के निघाले.

या यशाचे कारण समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. येथे संवेदक सेकंदांच्या शर्यतीत उतरलेला नाही. वळवण्याला पाच-दहा मिनिटे उशीर झाला तरी बिघडत नाही, पडद्यावरचा रंग शांतपणे बदलतो, आणि रुग्णाने झोपेत स्वतःच कूस बदलली असेल तर तेही यंत्राला कळते, त्यामुळे त्याला विनाकारण उठवावे लागत नाही. काम आधीपासून ठरलेले होते, करणारी व्यक्ती ठरलेली होती; संवेदकाने फक्त आठवण दिली. मर्यादित मनुष्यबळाच्या रुग्णालयाने गतिसंवेदकांचा प्रारंभ याच कामापासून करावा, हे उत्तम. मात्र संवेदकाला कूस समजते, टाचेवरचा दाब समजत नाही. रुग्ण वेळेवर वळवला गेला असला तरी टाचा, माकडहाड आणि नळ्यांखालची त्वचा डोळ्यांनी पाहणे सुटत नाही.

घंटेसाठी घेतलेल्या यंत्राचाही नोंदीसाठी उपयोग करता येतो. एखादा रुग्ण सलग तीन रात्री तीन ते चारच्या दरम्यान उठून बसत असल्याचे नोंदीत दिसले, तर चौथ्या रात्री घंटेची वाट पाहण्याऐवजी अडीच वाजता मावशींनी त्याला शौचालयात नेऊन आणणे अधिक शहाणपणाचे ठरते. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी उशिरा दिली जात असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारता येते. वॉर्डात पडण्याच्या घटनांपैकी बऱ्याच घटना शौचालयाला जाण्याच्या घाईशी जोडलेल्या असतात, हे अनुभवी सिस्टरांना ठाऊकच असते. संवेदक त्या घाईची वेळ सांगतो.

प्रकृती बिघडल्याची चाहूल हालचालीतून लागते का, याबाबत आशा मोठी आहे. तरी सध्या या वापराला दुय्यम स्थान द्यावे. श्वसनाचा वेग वाढणे ही बिघाडाची लवकर दिसणारी खूण आहे आणि हाताने मोजताना तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते, त्यामुळे गादीखालच्या किंवा छातीवरच्या संवेदकाने ती सतत मोजणे निश्चितच उपयोगी आहे. तसेच शस्त्रक्रियेनंतर वृद्धांना होणाऱ्या भ्रमावस्थेचा एक प्रकार असा असतो की रुग्ण बडबड किंवा ओढाताण न करता गप्प, निपचित पडून राहतो आणि ‘आज शांत आहेत’ असे म्हणून सर्वांच्या नजरेतून निसटतो; हालचालीचा आलेख अचानक सपाट झालेला दिसला तर त्याच्याशी बोलून पाहण्याचे निमित्त मिळते. निदान मात्र बोलून आणि तपासूनच करावे लागते.

आपल्याकडच्या वॉर्डाच्या अटी

परदेशी चाचण्यांपैकी अनेक एका खाटेच्या किंवा दोन खाटांच्या खोल्यांत झालेल्या असतात. महाराष्ट्रातील शासकीय आणि धर्मादाय रुग्णालयांत रुग्णासोबत एखादा नातेवाईक चोवीस तास असतो, तो खाटेच्या कडेला बसतो, रुग्णाला भरवतो, कधी पायथ्याशी डोके टेकून झोपतो. गर्दीच्या काळात काही रुग्णांच्या गाद्या जमिनीवर घातलेल्या असतात. खाटेच्या पायांवरील वजनमापक किंवा गादीखालची पट्टी अशा परिस्थितीत कोणाची हालचाल मोजते, हे तपासल्याशिवाय तिच्या आकड्यांना अर्थ नाही. दुसरीकडे, हाच नातेवाईक ही परदेशी वॉर्डात नसलेली जमेची बाजू आहे. संवेदक कशासाठी आहे, तो वाजला तर आधी रुग्णाला धरायचे की सिस्टरांना हाक मारायची, खाटेचे कठडे कोणत्या वेळी वर हवेत, हे त्याला मराठीत किंवा त्याला समजेल त्या भाषेत पाच मिनिटे समजावून सांगितले, आणि रात्री माणूस बदलला की पुन्हा सांगितले, तर ३० मीटरचे अंतर हातभर होते. जेथे पुरुष वॉर्डात रात्री आई किंवा पत्नीला थांबू दिले जात नाही, अशा ठिकाणी या व्यवस्थेचा विचार वेगळा करावा लागेल.

तांत्रिक बाबींपैकी वायफायची व्याप्ती, वीज गेल्यावर जनित्र सुरू होईपर्यंत यंत्रणा चालू राहते का, आणि सर्व संवेदकांची घड्याळे जुळलेली आहेत का, एवढे तपासले तरी निम्मे प्रश्न सुटतात. घामाने त्वचेवर चिकटवलेला संवेदक, म्हणजे पॅच, सुटतो, विशेषतः पावसाळ्यापूर्वीच्या दमट दिवसांत मुंबई-कोकणात, आणि सुटलेला पॅच रुग्ण निपचित असल्याचीच खबर देतो. म्हणून ‘रुग्ण हलत नाही’ आणि ‘संवेदक अंगावर नाही’ या दोन अवस्था वेगळ्या दाखवणारे यंत्रच घ्यावे. वृद्धांच्या नाजूक त्वचेवरून चिकटपट्टी ओढून काढल्यास साल निघते. ती सावकाश, त्वचा दाबून धरत काढावी. पुन्हा वापरायचा संवेदक प्रत्येक रुग्णानंतर निर्जंतुक करण्याची पद्धत संसर्ग-नियंत्रण समितीने लेखी ठरवावी, आणि एमआरआय तपासणीला नेण्यापूर्वी तो काढल्याची खूण तपासणीच्या यादीत असावी.

संमती, नोंदींची मालकी आणि खरेदी

हालचालीची नोंद ही आरोग्याची माहिती आहे, आणि डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या भारतीय कायद्यानुसार ती कशासाठी घेतली जात आहे हे स्पष्ट सांगून संमती घेणे आणि त्या हेतूबाहेर ती न वापरणे अपेक्षित आहे. दाखल होताना सही घेतल्या जाणाऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात आणखी एक ओळ घालून ही संमती मिळवणे कायद्याच्या भाषेत बसवता येईलही, पण रुग्णाला ते कळलेले नसते. कॅमेऱ्यावर आधारित देखरेखीबाबत तर अधिक काटेकोरपणा हवा. इंग्लंडमधील मानसोपचार विभागांत अशा यंत्रणांवरून रुग्णांनी मोठा आक्षेप घेतला आणि तेथील शासकीय आरोग्यसेवा चालवणाऱ्या एनएचएस इंग्लंडला २०२५ मध्ये त्यांच्या वापराची तत्त्वे प्रसिद्ध करावी लागली. ज्या कामासाठी छातीवरचा पॅच किंवा रडार पुरतो त्या कामासाठी कॅमेरा लावू नये. या नोंदींचा वापर परिचारिकांना जाब विचारण्यासाठी होणार नाही, हेही सुरुवातीलाच लेखी सांगावे. वळवण्याला उशीर झाल्याचा आलेख मेमो देण्यासाठी वापरला गेला की पुढच्या आठवड्यात संवेदक ‘सुटू’ लागतात, आणि त्यात नवल काही नाही.

भारतात वैद्यकीय उपकरणांना २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत आणि जोखमीनुसार त्यांचे चार वर्ग केलेले आहेत. विक्रेत्याकडे संबंधित वर्गाचा परवाना आहे का, आणि परवान्यात नमूद केलेला उपयोग तोच आहे का, हे कागद पाहून तपासावे. व्यायामासाठी विकला जाणारा मनगटी पट्टा रुग्णाच्या उपचारांचे निर्णय घेण्यासाठी नसतो. श्वसनाचा आकडा तपासण्याची साधी रीत म्हणजे सिस्टरांनी घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजणे आणि त्याच मिनिटाचा यंत्राचा आकडा शेजारी लिहिणे. शांत झोपलेले, बोलणारे, खोकणारे आणि प्राणवायू लावलेले अशा निरनिराळ्या रुग्णांवर अशा पन्नासेक जोड्या जमल्या की यंत्र कोठे चुकते ते दिसू लागते.

पूर्ण रुग्णालयात यंत्रणा बसवण्यापूर्वी एका वॉर्डात किमान सहा महिने ती चालवून पाहावी, आणि त्याआधीच्या सहा महिन्यांच्या नोंदी तुलनेसाठी तयार ठेवाव्यात. पडण्याच्या घटना दर हजार रुग्णदिवसांमागे मोजण्याची पद्धत आहे: ३० खाटांचा वॉर्ड महिनाभर पूर्ण भरलेला असेल तर ९०० रुग्णदिवस होतात, आणि त्या महिन्यात तीन जण पडले असतील तर दर ३.३ येतो. पुढच्या महिन्यात एकच जण पडला तर दर १.१ होतो, आणि विक्रेता पडण्याचे प्रमाण दोन तृतीयांशाने घटल्याचे सांगू शकतो. प्रत्यक्षात तीनाचा एक होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो, म्हणून इतक्या लहान आकड्यांवरून ना खरेदीचा निर्णय घ्यावा, ना यंत्र परत पाठवण्याचा. त्याऐवजी सूचनांची एकूण संख्या, त्यांपैकी खऱ्या किती, प्रतिसादाला लागलेला वेळ, वेळेवर वळवलेल्या रुग्णांचे प्रमाण आणि रोजचा चालण्याचा वेळ हे आकडे महिन्याभरातच पुरेसे जमतात आणि यंत्रणेची खरी उपयुक्तता तेच सांगतात. दर आठवड्याला इन्चार्ज सिस्टर, फिजिओथेरपिस्ट आणि अभियंता यांनी एकत्र बसून हे आकडे पाहावेत आणि प्रत्येक रुग्णासाठी सूचनेची मर्यादा बदलण्याचा अधिकार सिस्टरांकडे असावा.

करारात तीन गोष्टी आग्रहाने लिहून घ्याव्यात: कच्च्या नोंदी रुग्णालयाच्या मालकीच्या राहतील आणि करार संपल्यावर वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळतील, बिघडलेला संवेदक किती तासांत बदलून मिळेल, आणि पॅच, बॅटरी व सॉफ्टवेअर यांचा वार्षिक खर्च किती. पहिली किंमत कमी सांगून पॅचवर नफा कमावण्याची रीत या धंद्यात नवी नाही. संवेदक केव्हा काढायचा याचा नियमही लावण्याच्या दिवशीच केसपेपरवर लिहावा, उदाहरणार्थ, सलग दोन दिवस रुग्ण स्वतः उठून, आधाराशिवाय शौचालयापर्यंत गेला की पॅच निघेल. अन्यथा तो डिस्चार्जपर्यंत तसाच राहतो, आणि ज्याला त्याची गरज आहे त्या शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला मिळत नाही.